लाईट गेली की टँकचं पाणी फरशीवर का येतं? एअर पंपचं गळती न होणारं फिटिंग



फिश टँक बसवून देणं आणि दर महिन्याला त्याची सर्व्हिस करणं हा कमी भांडवलात सुरू होणारा व्यवसाय आहे. एक बादली, सायफनची नळी, जाळी, काच घासायचा स्पंज आणि दुचाकी एवढ्यावर सुरुवात होते. पण या धंद्यात एक गोष्ट अशी आहे की जी नीट जमली नाही तर दहा ग्राहकांची कमाई एका रात्रीत जाते. ती म्हणजे पाण्याची गळती. आणि त्यातही सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते एअर पंपच्या नळीकडे. काच फुटेल, सिलिकॉन सुटेल याची भीती सगळ्यांना असते. बोटाएवढी जाड नसलेली ती नळी अख्खा टँक रिकामा करू शकते, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

व्हिडिओमध्ये फिटिंग हाताने करून दाखवलं आहे. या लेखात त्यामागचं कारण, मोजमापं, हिशेब आणि ग्राहकाकडे जाताना खिशात ठेवता येईल अशी चेकलिस्ट दिली आहे.

आधी हिशेब: हे का शिकायचं?

नेहमीचा २ फुटी टँक घ्या. लांबी ६० सेंमी, रुंदी ३० सेंमी, उंची ३० सेंमी. त्यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावतं. पाण्याची पातळी १ सेंमी उतरली म्हणजे १.८ लिटर पाणी बाहेर गेलं. १० सेंमी उतरली तर १८ लिटर, म्हणजे एक पूर्ण बादली.

आता नळीतून मिनिटाला फक्त १०० मिली पाणी येतंय असं धरा. तासाला झालं ६ लिटर. ग्राहक रात्री ८ तास झोपला तर ४८ लिटर. सकाळी उठून बघतो तर मासे तळाशी तडफडतायत, टीव्ही युनिटचं प्लायवूड फुगलंय, आणि खालच्या मजल्यावरचे काका बेल वाजवतायत की आमच्या छतातून पाणी टपकतंय.

पैशात बघू. खालचे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावातले भाव टाकून बघा. समजा एका टँकच्या सर्व्हिसचे महिन्याला ५०० रुपये घेता आणि १० ग्राहक आहेत. महिन्याचे ५,००० रुपये. एका घरी युनिटचा खालचा भाग बदलावा लागला आणि सुतार ६,००० रुपये म्हणाला, तर तो महिना गेला आणि वर हजार रुपये खिशातून गेले. त्या सोसायटीतले बाकीचे ग्राहकही जातील, कारण अशी बातमी लिफ्टमध्येच पसरते. हे सगळं थांबवणारा चेक व्हॉल्व्ह मात्र चहा-वड्याच्या पैशात मिळतो.

पाणी वर चढून बाहेर येतंच कसं?

ग्राहक हमखास विचारतो, "अहो, नळी तर काठावरून वर जाते. पाणी वर कसं चढेल?" याचं उत्तर तुम्हाला सोप्या भाषेत देता आलं पाहिजे.

पंप चालू असतो तेव्हा नळीत हवा दाबाने भरलेली असते. दगड, म्हणजे एअर स्टोन, ३० सेंमी खोल असेल तर पंपाला ३० सेंमी पाण्याच्या वजनाएवढा दाब सतत द्यावा लागतो. हा दाब आहे तोपर्यंत पाणी नळीत शिरत नाही.

लाईट गेली की पंप थांबतो. पंपाच्या आत रबराचे बारीक पडदे असतात, पण ते पाणी अडवण्यासाठी बनवलेले नसतात. त्यांच्या फटीतून नळीतली हवा हळूहळू मागे निघून जाते. तिची जागा घ्यायला टँकमधलं पाणी दगडातून नळीत शिरतं आणि टँकच्या पातळीपर्यंत चढतं. टँक काठोकाठ भरलेला असेल आणि नळी काठावरून जेमतेम बोटभर वर गेलेली असेल, तर पाणी जोरात चढताना थोडं पुढे उसळतं. त्यातच गरम झालेला पंप थंड होतो, आतली हवा आकसते आणि पाण्याला आणखी थोडं ओढून घेते. पाणी एकदा का वळणाच्या पलीकडे उतरलं की काम संपलं. बाहेरच्या बाजूला लोंबणारं पाणी स्वतःच्या वजनाने मागचं पाणी ओढत राहतं. यालाच सायफन म्हणतात. पाणी बदलताना आपण बादलीत नळी सोडून जे करतो तेच, फक्त इथे बादली नसते.

आणि हे कुठे थांबतं? पाण्याची पातळी दगडापर्यंत उतरेल तेव्हा. दगड तळाशी असेल तर जवळजवळ सगळं पाणी गेलेलं असतं.

इथे दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा.

पहिली, हे प्रत्येक वेळी होत नाही. पन्नास वेळा लाईट जाईल आणि काही होणार नाही. पाणी थोडं जास्त भरलं, नळी थोडी खाली सरकली, की एकावन्नाव्या वेळी होईल. म्हणून ग्राहक म्हणाला "दोन वर्षांत काही झालं नाही," तर त्यावर विसंबू नका. दोन वर्षं फिटिंग बरोबर होतं असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी, पंप टँकच्या शेजारी त्याच टेबलावर ठेवला तरी तो पाण्याच्या पातळीच्या खालीच असतो. बऱ्याच जणांना वाटतं की जमिनीवर नाही ना ठेवला, मग झालं. नाही. टेबलापासून पाण्याची पातळी जवळजवळ फूटभर वर असते. सायफनला तेवढं पुरेसं आहे.

आपल्याकडे लाईट जाणं नेहमीचंच आहे. पावसाळ्यात झाड पडलं की जाते, गावाकडे भारनियमन असतं, पुण्यात बऱ्याच भागांत गुरुवारी देखभालीच्या कामासाठी जाते. शिवाय काही ग्राहक बिल वाचवायला म्हणून रात्री पंप बंद करतात. त्यांना हिशेब सांगा: ३ वॅटचा पंप महिनाभर दिवसरात्र चालला तरी साधारण २ युनिट वीज लागते. त्यासाठी रोज रात्री धोका कशाला घ्यायचा?

गळतीच्या चार वाटा

नळीशी संबंधित गळती म्हटलं की सगळे सायफनचंच नाव घेतात. पण वाटा चार आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

१. नळीच्या आतून मागे येणारं पाणी. हा सायफन. पंपाच्या आत पाणी सापडतं, पंप घरघर करतो किंवा बंद पडतो. यात विजेचा धोकाही आहे.

२. नळीच्या बाहेरून ओघळणारं पाणी. बुडबुड्यांमुळे नळी ओली राहते. थेंब नळीच्या अंगावरून काठ ओलांडतात आणि थेट पंपावर किंवा बोर्डवर उतरतात. पंपाच्या आत पाणी नसतं पण वरून तो ओला असतो.

३. शिंतोडे आणि झाकणाखालचं दव. दगड काठाच्या अगदी जवळ आणि हवा जोरात सोडलेली असेल तर बुडबुडे फुटून पाणी बाहेर उडतं. टँकभोवती पांढरे डाग दिसतात. बोअरच्या जड पाण्यात हे डाग लवकर आणि दाट पडतात.

४. सुटलेली किंवा चिरलेली नळी. साधी पीव्हीसी नळी काही महिन्यांत कडक होते आणि पंपाच्या तोंडावरची पकड सोडते. दगड चोंदला की नळीत दाब वाढतो आणि आधीच ढिली झालेली नळी निसटते. नळी निसटली की हवा एकदम जाते आणि पाणी जोरात मागे येतं.

ग्राहकाने "टँक गळतोय" असा फोन केला तर लगेच काचेला दोष देऊ नका. आधी सगळं कोरडं पुसा. टँकच्या चारही बाजूंना आणि पंपाखाली वेगवेगळे कोरडे कागद ठेवा. पाण्याच्या पातळीवर काचेला टेप चिकटवा. अर्ध्या तासाने कुठला कागद भिजला ते बघा. पंपाखालचाच भिजला तर नळी बघा. काचेच्या सांध्याखालचा भिजला तर सिलिकॉन. आणि सगळे कागद कोरडे, पण चार दिवसांत पातळी थोडी उतरली, तर उन्हाळ्यात ते नुसतं बाष्पीभवन असतं. हे नीट सांगितलंत तर ग्राहक तुमच्यावर विश्वास ठेवतो, कारण नव्या टँकचा खर्च तुम्ही वाचवलेला असतो.

लागणारं सामान

- एअर पंप, टँकच्या मापाचा
- हवेची नळी, आतून ४ मिमी आणि बाहेरून ६ मिमी. शक्य असेल तर सिलिकॉनची. ती मऊ राहते, पीव्हीसीसारखी लवकर कडक होत नाही
- चेक व्हॉल्व्ह, जितक्या नळ्या टँकमध्ये जातात तितके
- हवा कमी-जास्त करायचा कॉक, एकापेक्षा जास्त नळ्या असतील तर टी
- नळी धरून ठेवणाऱ्या रबरी चकत्या
- दगड किंवा स्पंज फिल्टर
- १० किंवा २० मिलीची सिरिंज, तपासणीसाठी. सुई नको

घाऊक घ्यायचं असेल तर मुंबईकरांना कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केट माहीत आहेच. बाकी शहरांतही मोठ्या दुकानदाराकडे डझनाचा भाव विचारा. चेक व्हॉल्व्ह कधीही एक-दोन घेऊ नका. डझनभर घ्या आणि प्रत्येक फुंकून तपासा, कारण स्वस्त मालात काही सदोष निघतात.

फिटिंगची पद्धत, पायरीने

पायरी १: पंपाची जागा ठरवा. सगळ्यात पक्का उपाय म्हणजे पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवणं. मग पाणी त्याच्याकडे येण्याचा प्रश्नच नाही. भिंतीला हुक किंवा शेजारी उंच फळी. पण टँकच्या झाकणावर नुसता ठेवू नका. पंप थरथरत थरथरत सरकतो आणि पाण्यात पडू शकतो. वीज चालू असलेला पंप पाण्यात पडणं गळतीपेक्षा कितीतरी भयंकर. तो नीट अडकवलेला असला पाहिजे.

पायरी २: वर जागा नसेल तर नळीला उंच वळण द्या. पंप कॅबिनेटमध्येच हवा असा आग्रह बरेच ग्राहक धरतात, दिसायला बरं म्हणून. चालेल. पण नळी टँकमधून निघाल्यावर आधी पाण्याच्या पातळीच्या निदान वीतभर वर न्या, तिथे मागच्या भिंतीला क्लिपने अडकवा आणि मग खाली आणा. क्लिप महत्त्वाची. क्लिपशिवाय वळण आठवड्याभरात खाली बसतं. आणि हे वळण चेक व्हॉल्व्हच्या जोडीला आहे, बदली नाही.

पायरी ३: चेक व्हॉल्व्ह बसवा. याच्यातून हवा एकाच दिशेने जाते. बसवण्याआधी तोंडाने फुंका. ज्या बाजूने फुंकल्यावर हवा जाते ती बाजू पंपाकडे. जिथून फुंकलं तर अडतं ती बाजू टँककडे. बाण असेल तर तो टँककडे. उलटा बसवला तर बुडबुडे येणारच नाहीत, म्हणजे चूक लगेच कळते.

तो कुठे बसवायचा? पंपाजवळ नाही, टँकच्या काठाजवळ, बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर. यामागचं कारण समजून घ्या. व्हॉल्व्ह खाली पंपाजवळ असेल आणि सायफनचं पाणी वळण ओलांडून तिथपर्यंत आलं, तर व्हॉल्व्ह पाणी अडवेल, पण बाहेर लोंबणारी नळी पाण्याने भरून राहील. लाईट आल्यावर पंपाला त्या पाण्याचा दाब हटवून सुरुवात करावी लागते. व्हॉल्व्ह पातळीच्या ६० सेंमी खाली असेल तर ६० सेंमी पाण्याचा दाब, म्हणजे ३० सेंमी खोल दगडाला रोज लागतो त्याच्या दुप्पट. छोट्या पंपाला ते झेपत नाही. पंप घुंघुं करत राहतो, बुडबुडे येत नाहीत, आणि ग्राहकाला वाटतं पंप चालू आहे. गळती वाचली, पण मासे हवेविना राहिले.

पायरी ४: प्रत्येक नळीला वेगळा व्हॉल्व्ह. एका पंपावरून टी लावून दोन टँक चालवत असाल तर पंपाजवळ एकच व्हॉल्व्ह पुरत नाही. एक टँक वर आणि एक खाली असेल तर लाईट गेल्यावर वरच्या टँकचं पाणी टीमधून खालच्या टँकमध्ये उतरू शकतं. खालचा भरून वाहतो, वरचा रिकामा होतो, आणि पंप मात्र कोरडा! मग गळती कुठून झाली हेच कळत नाही. दुकानात रॅकवर एकाखाली एक टँक मांडणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

पायरी ५: जोड घट्ट करा. नळीचं टोक सरळ कापा, तिरकं नाही. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात धरा, मऊ झालं की पंपाच्या तोंडावर पूर्ण आत सरकवा. जुनी नळी ढिली झाली असेल तर टेप गुंडाळत बसू नका. टोकाचा १ सेंमी भाग कापून टाका आणि नवं टोक बसवा. संपूर्ण नळीच कडक झाली असेल तर बदला.

पायरी ६: पाण्याची पातळी आणि दगडाची जागा. पाणी काठापासून ३ ते ५ सेंमी खाली ठेवा. दगड काचेपासून थोडा आत ठेवा. हवा कॉकने इतकीच ठेवा की पृष्ठभाग हलेल पण पाणी उडणार नाही. खळखळ उकळल्यासारखं दिसलं म्हणजे जास्त प्राणवायू, हा गैरसमज आहे. पृष्ठभाग सतत हलत राहणं महत्त्वाचं. मात्र कॉक पूर्ण बंद करून पंप चालू ठेवू नका. आत दाब वाढून रबराचा पडदा लवकर फाटतो.

पायरी ७: वायर आणि नळी दोन्हीला खाली झोळ द्या. पंपाची वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी सॉकेटच्या खाली झुकली पाहिजे. म्हणजे वायरवरून आलेला थेंब झोळाच्या तळाशी टपकतो, सॉकेटमध्ये जात नाही. पंपाकडे येणाऱ्या नळीलाही असाच झोळ ठेवा. ओघळणारं पाणी पंपावर न येता बाजूला पडतं. एक्स्टेंशन बोर्ड टँकच्या खाली जमिनीवर कधीच नको. भिंतीवर वर अडकवा. घरात ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी आहे का ते मीटरबोर्डवर बघून घ्या. नसेल तर ग्राहकाला इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यायला सांगा. ते काम स्वतः करू नका.

निघण्याआधीची तपासणी

फिटिंग झालं, बुडबुडे आले, पैसे घेतले आणि निघालो, असं करायचं नाही. दहा मिनिटं द्या.

*सिरिंज तपासणी.* पंप बंद करा, प्लग काढा. नळी पंपापासून सोडवा आणि त्या टोकाला सिरिंज लावून दट्ट्या हळू ओढा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर दट्ट्या जड लागतो आणि सोडल्यावर मागे जातो. दट्ट्या सहज ओढला गेला आणि पाणी नळीतून पुढे येऊ लागलं, तर व्हॉल्व्ह टाकून द्या. लाईट गेल्यावर नुसतं बघत बसण्यापेक्षा ही तपासणी खात्रीची, कारण यात आपण मुद्दाम सायफन सुरू करायचा प्रयत्न करतो.

*लाईट तपासणी.* सगळं जोडून पंप १० मिनिटं चालवा. मग बोर्डवरून बंद करा आणि ५ मिनिटं थांबा. पंपाखाली कोरडा कागद ठेवा. परत चालू करा. बुडबुडे आपोआप सुरू झाले पाहिजेत.

जोडातून हवा जाते का हे बघायला बरेच जण साबणाचं पाणी लावतात. टँकच्या आसपास साबण आणू नका, माशांना घातक आहे. त्यापेक्षा जोड साध्या पाण्याच्या मगात बुडवा, बुडबुडे दिसतील.

एक खरंखुरं उदाहरण

आपल्या एका बॅचमधल्या मुलाने नोकरी सोडून हे काम सुरू केलं. त्याचा सर्वात मोठा ग्राहक एक डेंटल क्लिनिक होतं. वेटिंग रूममध्ये ३ फुटी टँक, पंप खाली कॅबिनेटमध्ये. टँक बसवला होता दुसऱ्याच कुणीतरी, हा फक्त महिन्याला पाणी बदलायचा. रविवारी क्लिनिक बंद, लाईट गेली आणि आली. सोमवारी सकाळी रिसेप्शनपर्यंत पाणी.

डॉक्टर म्हणाले, "फिटिंग तुमचं नव्हतं हे मला माहीत आहे. पण सहा महिने तुम्हीच येताय ना? तुम्ही बघायला हवं होतं."

त्याच्याकडे उत्तर नव्हतं, कारण पहिल्या दिवशी टँकची अवस्था काय होती हे त्याने कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. त्याने त्याच दिवशी जाऊन सगळं साफ केलं, नवा पंप आणि नळी स्वतःच्या पैशांनी बसवली आणि कॅबिनेटच्या दुरुस्तीचा अर्धा खर्च दिला. ग्राहक टिकला. पण दोन महिन्यांचा नफा गेला.

यातून आपल्याला धंद्याचा नियम मिळतो. ज्या दिवशी तुम्ही टँकची सर्व्हिस हातात घेता, त्या दिवसापासून ग्राहकाच्या नजरेत त्या टँकची जबाबदारी तुमची. फिटिंग कुणी केलं याला अर्थ उरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे. म्हणून पहिल्या भेटीत पाण्याला हात लावण्याआधी तपासणी करा, फोटो काढा, आणि जे कमी आहे ते लिहून द्या.

पहिल्या भेटीत द्यायची चिठ्ठी

व्हॉट्सॲपवर पाठवली तरी चालेल. मजकूर साधा ठेवा:

"नमस्कार. आज तुमच्या टँकची तपासणी केली. पंप पाण्याच्या पातळीच्या खाली आहे आणि नळीला चेक व्हॉल्व्ह नाही. लाईट गेल्यावर पाणी पंपात येऊन बाहेर सांडू शकतं. व्हॉल्व्ह आणि नवी नळी बसवण्याचा खर्च एवढा येईल. बसवायचं असल्यास कळवा. सोबत फोटो जोडले आहेत."

ग्राहक हो म्हणाला तर काम मिळालं. नाही म्हणाला तर त्याचं उत्तर लेखी तुमच्याकडे आहे. आणि हे सांगताना घाबरवू नका. "काका, लाईट गेली की काय होतं ते एकदा दाखवतो," म्हणून एक बादली आणि नळीचा तुकडा घेऊन सायफन करून दाखवा. दोन मिनिटांत पटतं.

माझा सल्ला विचाराल तर चेक व्हॉल्व्हचे वेगळे पैसे मागूच नका. सर्व्हिसच्या पहिल्या महिन्याच्या दरातच तो धरा. पन्नास रुपयांवरून घासाघीस करून पाच हजारांचा धोका डोक्यावर ठेवण्यात काही अर्थ नाही.

दर महिन्याची चेकलिस्ट

१. पंपाखालची जागा कोरडी आहे का, हात फिरवून बघा.
२. नळी दोन्ही टोकांना घट्ट आहे का, हलकं ओढून बघा.
३. उंच वळण आणि क्लिप जागेवर आहे का.
४. वायरचा झोळ सॉकेटच्या खाली आहे का. घरात साफसफाई करताना कुणीतरी तो नक्की हलवलेला असतो.
५. दगडातून बुडबुडे सगळीकडून येतात का. एकाच बाजूने येत असतील तर दगड उकळत्या पाण्यात ठेवून साफ करा, नाहीतर बदला.
६. पाण्याची पातळी काठापासून ३ ते ५ सेंमी खाली आहे का.
७. दर ३ महिन्यांनी सिरिंज तपासणी. वर्षातून एकदा चेक व्हॉल्व्ह बदला, चांगला दिसत असला तरी. आतलं रबर कडक होतं, जड पाण्याचा पांढरा थर बसतो आणि तोंड पूर्ण मिटत नाही.

व्हॉल्व्हवर बसवल्याचा महिना आणि वर्ष मार्करने लिहा. ग्राहकाला ते दिसलं की तुमचं काम पद्धतशीर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आणि तरीही फोन आला तर?

ग्राहक घाबरलेला असतो. फोनवरच क्रमाने सांगा.

पहिलं, ओल्या फरशीवरून प्लग काढायला जाऊ नका. मीटरबोर्डवरून मेन बंद करा.

दुसरं, नळी आणि दगड टँकमधून उचलून बाहेर काढा. आत हवा शिरली की सायफन तुटतो आणि पाणी थांबतं.

तिसरं, टँकमध्ये उरलेलं पाणी काढू नका, मासे त्यातच राहू द्या. मगाने पाणी घेऊन थोडं वरून ओतत राहा, म्हणजे हवा मिसळेल. नळाचं क्लोरीनचं पाणी तसंच एकदम ओतू नका.

चौथं, पंपात पाणी गेलं असेल तर तो परत लावू नका. वाळवून चालतो असं लोक म्हणतात. चालेलही, पण विजेच्या वस्तूवर असा जुगार ग्राहकाच्या घरात खेळायचा नाही.

मग स्वतः त्याच दिवशी जा. पिशवीत एक जादा पंप, दोन मीटर नळी आणि चार व्हॉल्व्ह कायम असू द्या. वारंवार लाईट जाणाऱ्या भागात बॅटरीवर आपोआप सुरू होणारा पंपही ग्राहकाला सुचवा. माशांची सोय होते आणि तुमची एक विक्री.

या आठवड्याचा गृहपाठ

घरी एक बादली उंच स्टुलावर ठेवा, ४ मिमीची २ मीटर नळी घ्या, दुसरं टोक खाली मोजपात्रात सोडून सायफन सुरू करा. एका मिनिटात किती मिली पाणी आलं ते लिहा. मग नळीच्या वरच्या टोकाला दगड लावून परत मोजा. शेवटी मध्ये चेक व्हॉल्व्ह बसवून सिरिंजने सायफन सुरू होतो का बघा. तीन आकडे वहीत लिहा आणि त्यावरून तुमच्या पहिल्या ग्राहकाचा टँक एका रात्रीत किती रिकामा होईल याचा हिशेब मांडा. तो हिशेब तुम्ही स्वतःच्या हाताने केलेला असेल, त्यामुळे ग्राहकासमोर बोलताना अडखळणार नाही.

पुढच्या पाठात आपण सर्व्हिसचे दर कसे ठरवायचे आणि वर्षाचा करार ग्राहकासमोर कसा मांडायचा ते बघू. तोपर्यंत चेकलिस्ट कागदावर लिहून बॅगेत ठेवा आणि आजच्या आज तुमच्या ओळखीतला एक टँक तपासून या.